शून्य दाखवलं ते मी

“सुलाबाईच्या पिल्लांच्या पाण्यात म्हणे तिच्या दीरानंच...” एवढं बोलत दोघी बाया पोल्ट्रीपुढून निघून गेल्या. दीरानंच काय? तेव्हापासून माझा जीव खालीवर होतोय.

मी पाणी तपासणारा सेन्सर बोलतोय. हा एवढा, बोटाएवढा. सातपूरच्या एका वर्कशॉपात मला घडवणाऱ्या अरफाताईंनी माझ्या टोकाला पातळ पडदा बसवला. पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असलं की ते पडद्यातून आत शिरतं, माझ्यातून बारीकशी वीज वाहते आणि सोबतच्या डबीवर आकडा उमटतो. दुसऱ्याच्या पाण्यात नाक खुपसणं, हाच माझा धंदा!

निफाडजवळ सुलाबाईंकडे आलो. पिल्लांची नवी बॅच यायच्या आधी पाण्याचे पाइप याच जंतू मारणाऱ्या पेरॉक्साइडच्या औषधानं धुतात. मग माझा आकडा शून्यावर येईस्तोवर साधं पाणी सोडत राहायचं. शेजारीच राहणारे दीर सहादू नळ सांभाळतात, सून हर्षाली आकडा वाचते.

खंडेनवमीला सुलाबाईंनी विळ्या-कोयत्यांसोबत मलाही पाटावर मांडलं. हळदीकुंकवाचं बोट थेट माझ्या टोकावर! मान मिळाला म्हणून मीही फुगलो.

दुसऱ्या दिवशी पाइप धुतले. मी लगेच शून्य दाखवलं. हर्षाली म्हणाली, “बास, काका.” सहादूंनी नळ बंद केला. संध्याकाळी पिल्लं आली. पाण्याला चोच लावायची की मागं सरकायची. सकाळी तहानेनं मलूल पडली होती.

सुलाबाई तरातरा कुंपणापाशी गेल्या. “भाऊजी, माझं बरं पाहवत नाय का तुम्हाला? काय टाकलं पाण्यात?”

“वहिनी, मी?” सहादू एवढंच बोलले अन् दार लावून घेतलं.

हर्षालीनं मला उचलून अंगठ्यानं टोक पुसलं. अंगठा पिवळाधमक! “आत्याबाई, याचं नाकच बुजवलंय तुम्ही!”

“अगं, पूजाच केली ना? शिव्या दिल्या का त्याला?”

मला धुऊन पुन्हा पाण्यात बुडवलं. आकडा असा चढला, की मलाच लाज वाटली. पाइपांत औषध तसंच होतं. त्यांनी दुपारपर्यंत पाणी सोडलं. पिल्लं प्यायली. अकरा मात्र उठली नाहीत.

पाण्यात काहीतरी होतं, हे खरं. नळ बंद करणारा हातही सहादूंचाच. पण त्या हाताला थांबवलं माझ्या शून्यानं. बायांनो, उरलेलं वाक्य बोलण्याआधी एवढं ऐका. आणि सुलाबाई, पुढच्या वर्षी माझ्या शेजारी नुसतं फूल ठेवा.

पण त्यांचं लक्ष कुठंय? चहाचा कप घेऊन त्या कुंपणापाशी उभ्या आहेत. “भाऊजी, चुकलं माझं,” म्हणून तिसऱ्यांदा हाक मारताहेत. दार अजून उघडलेलं नाही.