चढमहाराजांची लाल गाठ

चढाच्या मध्यावर टेम्पो बंद पडला होता आणि उघड्या बॉनेटसमोर पंधरावीस माणसं हात जोडून उभी होती. आत, या चढावर ठाण मांडलेल्या चढमहाराजांनी बांधलेलं लाल फडकं दिसत होतं. त्या फडक्यात गाडीचं काळीज होतं, म्हणजे डिझेलचा फिल्टर. पण महाराजांसमोर त्याला फिल्टर म्हणायची कोणाची टाप नव्हती.

"डोळे मिटा!" महाराज गरजले. "हलं हलं, चढं चढं! प्रश्न विचारू नका, नुसतं म्हणा!"

सर्वांत मोठा आवाज टेम्पोवाल्याचा होता. घसा बसेपर्यंत जप झाल्यावर महाराजांनी बॉनेटवर थाप मारली, टेम्पोवाल्याने चावी फिरवली आणि इंजिन धडधडायला लागलं. लोकांनी महाराजांचे पाय धरले. महाराजांचा दक्षिणेचा डबा खुळखुळला.

टेम्पोवाल्याची मुलगी मात्र आत कपाळाला हात लावून बसली होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिचे दिवस भरत आले होते आणि हॉस्पिटल नेमकं चढापलीकडे होतं.

"बाबा, कळा सुरू झाल्यावर गाडी अशीच बसली तर?"

"महाराज आहेत ना!"

"म्हणजे तुमचं नातवंड रस्त्यावर जन्मणार आणि महाराज त्याला थाप मारून चालू करणार?"

टेम्पोवाल्याला हसू आलं, पण काळजीही वाटली. तरी त्या फडक्याला हात लावायची त्याची छाती होईना. 'गाठ सोडाल तर इंजिन फुटेल,' असं महाराजांनी सगळ्याच गाडीवाल्यांना बजावलं होतं. त्यामुळे त्या रस्त्यावर कोणीच वर्षानुवर्षं फिल्टर बदलला नव्हता.

मुलीच्या पुढच्या तपासणीला हॉस्पिटलात जाताना टेम्पो पुन्हा तिथेच बसला. महाराज जेवायला गेले होते.

"आपणच जप करू," टेम्पोवाला म्हणाला.

"करू की. पण आज माझा जप. एकोणतीसचा पाढा म्हणा."

"अगं, थट्टा करू नये..."

"म्हणा!"

शिक्षिकेपुढे बापाचं काय चालणार? एकोणतीस सत्ते किती, यावरून दोघांची चांगलीच जुंपली आणि पाढा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. जमलेले भक्तही चुका काढू लागले. शेवटी मुलीने चावी फिरवायला सांगितली. इंजिन धडधडलं! टेम्पोवाल्याने आ वासला.

"पाढ्यातही शक्ती आहे?"

"शक्ती कसली? फिल्टर घाणीने तुंबलाय. सपाटीवर इंजिनाला डिझेल कमी लागतं, तेवढं कसंबसं झिरपतं. चढावर जास्त लागतं, ते मिळत नाही. थांबलो की पुन्हा झिरपून साठतं. जप करा, पाढे म्हणा, नाहीतर भांडा!"

तेवढ्यात महाराजांची जीप सुसाट चढ चढून आली.

"ही कधी बंद पडलेली पाहिलीत?" मुलीने विचारलं.

कोणीच पाहिली नव्हती. मुलगी पोट सावरत खाली उतरली. "महाराज, तुमच्या गाडीच्या काळजाचं दर्शन घेऊ द्या."

"दर्शन! दर्शन!" भक्तांना चेव आला. महाराज नको नको म्हणेपर्यंत त्यांनी भक्तिभावाने बॉनेट उघडलंसुद्धा. आत ना फडकं, ना गाठ. कोरा करकरीत फिल्टर तेवढा चमकत होता.

"आमची गाठ... अदृश्य असते," महाराज पुटपुटले. हसण्याचा असा फवारा उडाला की महाराज बॉनेटही न लावता जीपमध्ये बसले.

टेम्पोवाला हसला नाही. त्याला स्वतःचीच चीड आली होती. त्याने आपल्या टेम्पोतलं लाल फडकं टरकन फाडलं. गॅरेजात मेकॅनिकने फिल्टर काढून उलटा केला, तर काळाकुट्ट चिखल बाहेर आला. "याला हात जोडायचास तू?" मेकॅनिकने विचारलं. नवा फिल्टर बसला, मेकॅनिकने डिझेलचा हातपंप दाबून आतली हवा काढली आणि टेम्पो पहिल्या झटक्यात चालू झाला.

आठवड्याभरात कळा सुरू झाल्या. चढ आला तेव्हा टेम्पोवाल्याच्या तोंडून सवयीने 'हलं हलं' निघालं, पण मागून लेक ओरडली, "बाबा, गिअर बदला!" टेम्पो न थांबता वर गेला. नात हॉस्पिटलच्या खाटेवर जन्मली.

पेढे न वाटता टेम्पोवाला आधी चढावर गेला आणि जमलेल्या गाडीवाल्यांना म्हणाला, "लेकीचं ऐकलं नसतं तर मी इथे जप करत बसलो असतो आणि तिचं काय झालं असतं, ते बोलवत नाही. फिल्टर वेळेवर बदला. आणि प्रश्न विचारू नका असं जो सांगेल, त्यालाच पहिला प्रश्न विचारा."