आठ विती छप्पर

मी बोलतेय ती गाडी. कसली गाडी, ते विचारू नका, कारण त्यावरच भांडण आहे. समोरून पाहाल तर मी एक दुर्मिळ जुनी कूपे आहे. मागून पाहाल तर सामान वाहायची वॅगन. बाजूने पाहिलंत तर हसू येईल. हसा. सगळेच हसतात.

आधी दुर्मिळ म्हणजे काय ते सांगते. आमच्या कारखान्याने माझ्यासारख्या थोड्याच गाड्या बनवल्या, कारण त्या खपल्याच नाहीत. दारं दोन, छप्पर मागे घसरगुंडीसारखं उतरलेलं, आणि मागच्या सीटवर बसायचं तर माणसाने मान घरी ठेवून यावं. दोन वर्षांत कारखान्याला टाळं लागलं. नवी असताना जी वस्तू कोणी घेत नाही, तिला पन्नास वर्षांनी दुर्मिळ म्हणतात.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर. रविवारी मला पुसायचा आणि सोमवारी बसने कामाला जायचा, मी मळेन म्हणून. तो गेल्यावर मी त्याच्या पुतण्याकडे आले. त्याने मला शेडमध्ये लोटलं आणि विसरून गेला. तिथे कोंबड्या शिरल्या. माझ्या मागच्या सीटवर आरामात बसलेले पहिले प्रवासी म्हणजे त्या कोंबड्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

मग थोरला आला.

थोरला म्हणजे गॅरेजवाल्या दोन भावांतला मोठा. पत्र्याचं काम करायचा, हात फावड्याएवढे. त्याने माझ्यावरची ताडपत्री ओढली, आतल्या कोंबडीला म्हणाला, "उठा बाई, तुमचं स्टेशन आलं," आणि मला घरी नेलं. पुढे गॅरेज, मागे तीन खोल्या. खोल्यांत वडील, आई आणि धाकटा.

धाकट्याने शाळा सोडली की शाळेने त्याला, यावर घरात दोन मतं आहेत. काम येतं, धीर नाही. नट पुरता सुटायच्या आत ओढणार. थोरला त्याला वादळ म्हणायचा. "वादळ, तो हातोडा खाली ठेव. आधी बघ, मग मार."

मला पाहून आई म्हणाली, "छान आहे रे. पण मी कुठे बसू?"

आईचा उजवा पाय ऑपरेशननंतर गुडघ्यात वाकत नाही. बसायचं तर पाय लांब करूनच. कुठल्याच गाडीत ते जमत नव्हतं. दवाखान्यात जायची ती टेम्पोच्या मागे, पोत्यांच्या शेजारी. बहिणीच्या गावाला तर ती चार वर्षांत गेली नव्हती.

थोरल्याने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. "हिचं छप्पर मागेपर्यंत सरळ नेऊ. मागून उघडणारं दार करू. आत गादी टाकू. तू पाय पसरून बस, आणि मावशीच्या दारात उतर."

"चांगल्या गाडीची वाट लावशील," वडील म्हणाले.

"बाबा, दोघांच्या गाडीत चौघं कशी बसणार?"

मला कोणी विचारलं नाही. पण मनातलं सांगते, कोंबड्यांनंतर मला माणसं चालली असती.

थोरल्याने गॅरेजच्या भिंतीवर खडूने माझं नवं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, 'छप्पर आठ विती.' तो टेप वापरत नसे. "टेप हरवतो," म्हणायचा. "हात कुठे हरवतोय?"

भंगारातल्या एका व्हॅनचं मागचं दार त्याने आणून कोपऱ्यात उभं केलं. त्या दाराच्या काचेला रबर हवं होतं. एका गुरुवारी दुपारी तो मोटरसायकलवर रबर आणायला निघाला. "आलोच," म्हणाला.

वळणावर ट्रक होता.

हॉस्पिटलने एक पिशवी दिली. घड्याळ, किल्ल्या आणि रबराचं वेटोळं. रबरावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. वडिलांनी पिशवी कपाटात टाकून कुलूप लावलं. मग गॅरेजच्या दाराशी आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "या डब्यापायी गेला माझा पोरगा." त्यानंतर त्यांनी आत पाऊल टाकलं नाही.

खोटं नव्हतं ते.

सांत्वनाला माणसं आली. माणसांची ही एक गंमत आहे. दोन मिनिटं डोळे पुसतात, तिसऱ्या मिनिटाला विचारतात, "गाडीचं काय करणार?" अशी तोंडोतोंडी माझी बातमी जुन्या मोटारींच्या मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत गेली. ते दोन सभासदांना घेऊन आले. पांढरे हातमोजे घातले आणि माझ्या टपावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले. थोरल्याच्या फोटोसमोर कोरडे होते.

"अशा सातच उरल्यात," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. "आम्ही हिला काचेच्या दालनात ठेवू. गालिच्यावर. खाली पाटी लावू. पाटीवर तुमच्या मुलाचं नावही घालू. लहान अक्षरात."

"चालते का, ते नाही विचारलंत," धाकटा म्हणाला.

"चालवायची कशाला?"

"रविवारी घेऊन जा," वडील दाराबाहेरूनच म्हणाले. "नजरेसमोरून गेली की झालं."

आई पाय पसरून ओट्यावर बसली होती.

"बाबा, दादा हिची वॅगन करणार होता. आईसाठी."

अध्यक्ष हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. "वॅगन? अरे, हे म्हणजे पियानो फोडून कपड्यांचं कपाट करण्यासारखं झालं!"

वादळाने कटरची वायर लावली.

"काय करतोस? अरे, काय करतोस!" सभासदांनी अध्यक्षांना दोन्हीकडून धरलं, कारण ते माझ्या अंगावर झेपावत होते. ठिणग्या उडाल्या. मला दुखलं का? दुखलं. पण पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी कोणी इतकं ओरडत होतं, तेही खरं. माझं ते दुर्मिळ छप्पर फरशीवर आपटलं. धाकट्याने चष्मा वर केला आणि म्हणाला, "घ्या. आता सहाच उरल्या."

आठवड्याने मंडळाचं पत्र आलं. मला यादीतून काढलं होतं. काढण्यापूर्वी मी यादीत आहे, हे मला कोणी कळवलं नव्हतं.

वडील धाकट्याशी एवढंच बोलले. "कापलीस ना? आता शिव." मग अबोला.

आता या शहाण्याने पुढे काय केलं, ते ऐका. भिंतीवर लिहिलं होतं, आठ विती. याने माझ्या पाठीवर आठ विती मोजल्या, तेवढा पत्रा कापला, वाकवला, सांधला. तीन आठवडे. डोळे त्या चित्रावर. मागचं दार एकदा जागेवर उभं करून ताडून बघावं, हे कोणालाही सुचलं असतं. माझ्या कोंबड्यांनाही सुचलं असतं. याने दार शेवटी लावलं.

छप्पर दारापर्यंत पोचलंच नाही. मधल्या फटीतून आकाश दिसत होतं, आणि एक कावळाही.

त्याने हातोडा फेकला. माझ्या डाव्या मडगार्डवरचा पोचा तोच. मग तो खाली बसून रडला. रडताना शिव्याही देत होता, त्यामुळे बाहेर फक्त शिव्या ऐकू गेल्या. शेवटी ओरडला, "ऐकलंत का बाबा? तुमच्या हुशार मुलाचं माप चुकलं!"

वडील उंबऱ्याशी आले. "त्याचं माप कधी चुकलं नाही."

"मग आत या आणि बघा!"

ते आत आले. तीन महिन्यांनी. आधी भिंतीसमोर उभे राहिले. अक्षरांना हात लावायला गेले आणि खडू पुसेल म्हणून मागे घेतला. मग माझ्याकडे वळले. या डब्याला हात लावायचा, तर मन घट्ट करावं लागतं; त्यांनी ते केलं. माझ्या टपावर अंगठा ठेवला, करंगळी ताणली. एक. दोन. तीन. सात मोजल्या आणि पत्रा संपला. आठवी वीत त्यांनी हवेत टाकली. अंगठा पत्र्याच्या कडेवर, आणि करंगळी जाऊन टेकली ती थेट मागच्या दाराच्या चौकटीला.

"हात दाखव," वडील म्हणाले.

धाकट्याने पंजा पुढे केला. वडिलांनी त्यावर आपला पंजा ठेवला.

"त्याचा हात माझ्यावर गेला होता. तुझा आईवर. वितीमागे दीड बोट कमी. आठ वितींत एक वीत गेली." त्यांनी पंजा दाबला. "गाढवा, माप त्याचं आणि हात तुझा. कसं जमेल?"

"मग त्याचा हात कुठून आणू, बाबा?"

"हा घे," वडील म्हणाले.

पंजे मात्र दोघांनी लगेच काढले नाहीत. मी समोर बघत राहिले. माझे दिवे फक्त पुढेच बघतात, तेवढ्यासाठी ते बरे आहेत.

राहिलेला वीतभर पत्रा माझ्याच जुन्या छपरातून कापला. वडिलांच्या हाताने मोजून. म्हणून माझ्या पाठीवर तो पट्टा वेगळ्या रंगाचा आहे. अध्यक्षांना सांगा, दुर्मिळ भाग अजून शिल्लक आहे. वीतभर.

काच बसवायच्या दिवशी वडिलांनी कपाट उघडलं आणि ते वेटोळं आणून दिलं. धाकट्याने रबर काचेभोवती फिरवत आणलं. फिरत फिरत दोन्ही टोकं भेटली आणि बोटभर उरलं. थोरल्याने सांभाळून जास्तच घेतलं होतं.

धाकट्याने ब्लेड उचललं. सगळे बघत होते. आईसुद्धा काठी टेकत आली होती.

त्याने ब्लेड खाली ठेवलं. न कापता हत्यार खाली ठेवलेलं मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"पाणी आत येईल," वडील म्हणाले.

"येऊ दे."

आम्ही आईच्या बहिणीकडे गेलो. वडील पुढे, धाकटा चालवायला, आई मागे गादीवर पाय पसरून. दारात मावशी आली, मला पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही शववाहिनी कशाला आणलीत?" म्हणाली आणि जीभ चावली. धाकट्याने मान खाली घातली. वडील चाव्या शोधू लागले, ज्या त्यांच्याकडे नव्हत्याच. मग आतून आईचं हसू ऐकू आलं. हसत हसत ती म्हणाली, "आधी मला उतरव तरी. जिवंत आहे मी." नंतर ती रडली, पण ते बहिणीच्या खांद्यावर.

आता मी गॅरेजसमोर उभी असते. आठवड्यातून दोनदा आईला दवाखान्यात नेते. पावसात मागून गळते. सिग्नलला रोज कोणीतरी खिडकीशी वाकतं आणि उपकार केल्यासारखं सांगतं, "अहो, मागे रबर लोंबतंय!"

"माहीत आहे," धाकटा म्हणतो.

तुमचीही कधी गाठ पडेल. छपरावर हसा, पट्ट्यावर हसा, पोच्यावर हसा. आवाज देऊन सांगा, सांगायचं असेल तर. पण फार शहाणपणा सुचला आणि खिशात ब्लेड असलं, तर हात आवरा. तेवढं एक बोट थोरल्याचं आहे. ते राहू द्या.