सहावा खांदा

वस्तादाला कुणी काहीही विचारावं, पण ‘जमेल का?’ असं विचारू नये. चौतीस वर्षं त्या माणसाने शवपेट्यांना खांदा दिलेला. अंगाने बुटका, मानेने आखूड, आणि खांदे असे की शिंप्याने दोनदा माप घ्यावं. अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या त्या दुकानात खांदेकरी तयार करायचं काम त्याचं. किती पोरं त्याच्या हाताखालून गेली, आणि एकाच्याही हातून पेटी कधी कलली नाही. हे तो स्वतःच सांगायचा. न विचारता सांगायचा. सांगू दे की, खोटं थोडंच होतं!

अशा माणसाची बायको गेली. मंगळवारी सकाळी, इस्पितळात. चार महिने आजार चालला होता, म्हणजे अचानक काही झालं नव्हतं, तरी वस्ताद दिवसभर खुर्चीत नुसता बसून राहिला. जाण्याच्या आदल्याच आठवड्यात ती त्याला म्हणाली होती, ‘‘जन्मभर दुसऱ्यांच्या माणसांना खांदा देत हिंडलात. माझ्या वेळी भाडोत्री कुणी लावू नका हं.’’

‘‘भाडोत्री कशाला? मी काय मेलोय?’’ वस्ताद गुरगुरला होता. ‘‘डोक्याकडची बाजू माझी. ठरलं.’’

ठरलं म्हणजे ठरलं. पण डाव्या गुडघ्याचं काय? तो वर्षभर कुरकुरत होता. जिना उतरताना वस्ताद कठडा धरायचा आणि कुणी बघितलं की कठड्यावरची धूळ पुसल्यासारखं करायचा.

बुधवारी सकाळी तो दुकानामागच्या शेडमध्ये गेला, तर दारात पाच बायका उभ्या. इस्पितळाच्या लॉन्ड्रीतल्या. त्याची बायको तिथे एकवीस वर्षं सुपरवायझर होती. पुढे आक्का उभी होती. ओल्या चादरींच्या ट्रॉल्या ढकलून ढकलून तिचे दंड एखाद्या गड्यासारखे झालेले. तिच्या हातात लॉन्ड्रीची गुलाबी पावती होती आणि पावतीच्या पाठीमागे प्रश्न लिहिलेले.

‘‘वस्ताद, आमच्या बाईंना आम्ही खांदा द्यायचं म्हणतोय,’’ आक्का म्हणाली. ‘‘बायकांनी दिलेला चालतो का?’’

‘‘पेटीतल्या कुणी आजवर तक्रार केली नाही,’’ वस्ताद म्हणाला.

बायका हसू दाबत एकमेकींकडे बघू लागल्या. वस्तादाच्या शेजारी त्याचा हाताखालचा माणूस उभा होता. उंचीमुळे सगळे त्याला लंबू म्हणायचे. त्याने मान खाली घातली, कारण दोन दिवसांत वस्ताद पहिल्यांदाच धड काहीतरी बोलला होता.

मग आक्काने पावती वाचायला घेतली. डोकं पुढे की पाय पुढे? पाय पुढे, वस्ताद म्हणाला, माणूस घरातून चालत निघतो तसाच. खांदा कुठला? डाव्या बाजूला असाल तर उजवा, उजव्या बाजूला असाल तर डावा, आणि पलीकडच्या जोडीदाराच्या पाठीवरून हात टाकून त्याचा खांदा घट्ट धरायचा. जोडीतल्या दोघांची उंची सारखी हवी, नाहीतर पेटी कलते आणि सगळं वजन बुटक्याच्या बोकांडी बसतं. हे सांगताना त्याने लंबूकडे असं बघितलं, जणू लंबूने मुद्दाम उंच व्हायचं ठरवलं होतं.

‘‘कपडे काळेच लागतात का?’’

‘‘धुतलेले लागतात. आता लॉन्ड्रीवाल्यांना ते मी सांगू? फक्त पायात चपला नकोत. बंद बूट घाला.’’

‘‘आणि मधेच रडू आलं तर?’’ हे मागून एकीने विचारलं. अगदी बारीक आवाजात.

‘‘तर रडायचं,’’ वस्ताद म्हणाला. ‘‘डोळे वाहू देत. खांदा हलता कामा नये. आणि कुणी दमलं तर लाजायचं नाही. अर्ध्या वाटेवर दगडी चौथरा आहे, तिथे पेटी टेकवायची, माणूस बदलायचा. त्यात अशुभबिशुभ काही नाही. पाडलीत तर मात्र माझ्याशी गाठ आहे.’’

आक्काने पावतीची घडी घातली. ‘‘आम्ही पाचजणी आहोत. सहावं कोण?’’

‘‘सहावा मी!’’

इथे सांगायला हवं की वस्तादाचा एक नियम होता आणि तो त्याने कुणासाठी मोडला नव्हता. घरची माणसं खांदा देणार असतील तर आदल्या दिवशी शेडमध्ये तालीम. पेटीत माणसाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या भरायच्या, दोन पायऱ्या चढायच्या, वीस पावलं चालायचं, दोन पायऱ्या उतरायच्या. तालमीत ज्याचा पाय डगमगला, त्याने दुसऱ्या दिवशी पेटीमागून चालत यायचं. मग तो सख्खा मुलगा असो की मोठा साहेब. कितीजण चिडले, कितीजण हातापाया पडले. वस्ताद बधला नाही.

‘‘वजन किती धरायचं?’’ लंबूने विचारलं.

‘‘बहात्तर किलो,’’ वस्ताद ताठ मानेने म्हणाला. ‘‘बायको आहे माझी. मला नाही तर कुणाला माहीत असणार?’’

शेडच्या दाराशी त्याची लेक येऊन उभी होती. एकुलती एक. आईच्या आजारपणात नोकरीतून सुट्टी काढून आली होती आणि चारही महिने आईचं उठवणं-बसवणं तिनेच केलं होतं, कारण बाबांच्या गुडघ्याला तिने बंदी घातली होती. बहात्तर ऐकून ती काहीतरी बोलायला गेली, पण बापाचा चेहरा बघून तिने ओठ मिटले.

पिशव्या मोजून भरल्या. लंबू समोर उभा राहिला. ‘‘धरा. उचला. खांद्यावर.’’ पेटी वर गेली. पाचही बायकांनी ती अशी उचलली की वस्तादाला अभिमान वाटला, आणि तो त्याने दडवलाही नाही. ‘‘बघ रे, बघ!’’ तो लंबूला ओरडून म्हणाला. ‘‘तुझ्या पोरांना दाखव जरा!’’ डोक्याकडच्या बाजूला डावीकडे तो, उजवीकडे आक्का. डोक्याकडे वजन जास्त असतं, हे तो गेली चौतीस वर्षं सगळ्यांना सांगत आला होता. चढताना काही झालं नाही. वीस पावलं झाली. उतरताना दुसऱ्या पायरीवर त्याचा डावा गुडघा वाकला तो सरळच होईना. पेटी मागे झुकली. आक्काने दात-ओठ खाऊन ती एकटीने तोलली आणि लंबूने धावत येऊन खालून हात लावला.

पेटी जमिनीवर ठेवली.

‘‘पाय घसरला,’’ वस्ताद म्हणाला. ‘‘पुन्हा घेऊ.’’

‘‘नाही वस्ताद.’’

‘‘काय म्हणालास?’’

लंबू पेटीच्या आडवा येऊन उभा राहिला. सतरा वर्षं त्याने या माणसाला उलट शब्द दिला नव्हता. ‘‘तुम्ही उद्या मागून चालत यायचं. माझ्या बापाच्या तालमीत मी डगमगलो असतो, तर तुम्ही मला काय सांगितलं असतं?’’

वस्तादाचा चेहरा लालबुंद झाला. त्याने तोंड उघडलं. आता हा लंबूला सोलून काढणार, असं सगळ्यांना वाटलं. मनात त्याच्या होतंही तेच. पण लंबू हलला नाही. डोळ्यांत पाणी, आणि तरी पाय रोवून उभा. हे असं उभं राहायला त्याला शिकवलं कोणी? वस्तादानेच. रागाच्या पोटात कुठेतरी वस्तादाला गर्व वाटला, आणि त्या गर्वाचाही राग आला.

‘‘बरोबर आहे तुझं,’’ तो कसाबसा म्हणाला. ‘‘पण मी शब्द दिलाय रे तिला.’’

लेक पुढे आली. उंची तिने बापाचीच घेतली होती. ‘‘डोक्याकडची बाजू मी घेते, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही पुढे चाला आणि हाळी द्या. तुमच्या हाळीशिवाय आईला कसं न्यायचं?’’ वस्तादाने मान डोलावली आणि तो बाहेर जाऊन बाकावर बसला. आत लेकीला घेऊन तालीम पुन्हा झाली आणि तिचा पाय डगमगला नाही. संपूर्ण दुपार त्याने आपल्याच गुडघ्याला शिव्या घालण्यात काढली.

गुरुवारी सकाळी दहाला दफनभूमीच्या दाराशी सगळे जमले. लॉन्ड्रीच्या पाचही जणी निळ्या कडक इस्त्रीच्या पोशाखात, पायात काळे बंद बूट. लेकीनेही आईचा तसलाच पोशाख घातला होता. वस्ताद पुढे उभा राहिला. हाळी खणखणीत निघाली.

‘‘धरा. उचला!’’

आणि पेटी उडाली. खरंच उडाली. लॉन्ड्रीच्या पाचही जणींनी कालच्या तालमीचा जोर लावला होता, आणि पेटी खांद्याच्या वर वीतभर जाऊन तिथेच डगमगू लागली. एक बाजू वर, एक खाली, कुणीतरी ‘अगंबाई!’ केलं. मग चौतीस वर्षं त्याच्या मदतीला आली. ‘‘थांबा. हात मोकळे ठेवा. हळूच खांद्यावर येऊ द्या. आली. धरा जोडीदाराला.’’ पेटी स्थिर झाली.

पण वस्ताद स्थिर नव्हता. ओझ्याकडे एक नजर टाकून वजन सांगणारा माणूस तो! परक्या घरात जाऊन चादरीखालचं माणूस बघायचा आणि किलोचाही फरक पडायचा नाही. बायकोकडे मात्र त्या नजरेने त्याने कधी बघितलंच नव्हतं. चार महिने तो तिच्या उशाशी बसला, तिच्याशी भांडला, तिला पेपर वाचून दाखवला. त्याच्या लेखी ती बहात्तर किलोचीच होती, पहिल्यापासून होती तशी, धट्टीकट्टी. आजाराने तिला निम्मं केलंय हे त्याला आत्ता, एका पेटीच्या हेलकाव्याने कळलं.

‘‘चला,’’ त्याने हाळी दिली. ‘‘डावा पाय.’’

दगडी चौथऱ्याशी पेटी टेकवली. वास्तविक कुणीच दमलं नव्हतं. लेक बापाजवळ आली.

‘‘मला काल माहीत होतं, बाबा,’’ ती हलक्या आवाजात म्हणाली. ‘‘चाळीस-एकेचाळीस असेल. मी रोज उचलत होते ना. पण तुम्ही एवढ्या ऐटीत बहात्तर म्हणालात, माझ्याने सांगवेना.’’

वस्तादाने पेटीच्या लाकडावर तळवा ठेवला.

आक्का लंबूकडे वळली. ‘‘ए लांबट, मला एक सांग. माणूस तालमीत नापास झाला तो बहात्तर किलोला. इथे बहात्तर किलो आहे कुठे?’’

लंबूने डोकं खाजवलं. तो नियमाचा पक्का, वस्तादाच्याच हातचा. बराच वेळ तो चौथऱ्याकडे, पेटीकडे, वस्तादाच्या गुडघ्याकडे बघत राहिला. पुढची वाट सपाट होती, पायरी एकही नव्हती. शेवटी तो वस्तादासमोर येऊन ताठ उभा राहिला.

‘‘वस्ताद, कालची तालीम चुकीच्या वजनाची होती. चुकीच्या तालमीचा निकाल मी धरत नाही. आता पाच पावलं चालून दाखवा. तोल गेलाच तर धरायला तुमची लेक पाठीशी चालेल.’’

‘‘सगळ्या लोकांसमोर माझी परीक्षा घेतोस?’’

‘‘हो,’’ लंबू म्हणाला. ‘‘लोकांसमोर घेतोय.’’

‘‘शाब्बास!’’ वस्ताद म्हणाला, आणि डोळे पुसायची तसदी न घेता त्याने कोट काढून लेकीच्या हातात दिला. डोक्याकडच्या बाजूला डावीकडे जाऊन उभा राहिला. पलीकडून आक्काचा हात त्याच्या पाठीवरून आला आणि तिने त्याचा खांदा असा पकडला की तो पडला असता तरी पडू दिला नसता.

‘‘धरा,’’ लंबूने हाळी दिली. ‘‘उचला. बेताने.’’

पेटी बेताने उठली. वस्तादाच्या गालाला लाकूड लागलं. लंबू मागे वळून त्याच्या गुडघ्याकडे बघत उलटा चालत होता, एक, दोन, तीन, चार, पाच, आणि पाचव्यालाही गुडघा सरळ होता. लंबू वळला आणि पुढे चालू लागला. वस्तादाने त्या क्षणापासून गुडघ्याचा विचारच केला नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंनी लोक उभे होते. डॉक्टर, नर्सेस, वॉर्डातले झाडूवाले, ज्यांच्या चादरी तिने एकवीस वर्षं स्वच्छ ठेवल्या होत्या ते. त्यांना दिसेल अशी त्याने मान वर ठेवली. ही माझी बायको, त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं. बघा किती माणसं आलीत. बघा कोण कोण खांदा देतंय.

खड्ड्याशी, पेटी आत सोडायला ताणलेल्या पट्ट्यांवर ती ठेवायची होती. लंबू थांबला, सगळ्या थांबल्या. ‘ठेवा’ अशी हाळी आता लंबूने द्यायची. त्याने तोंड उघडलं, वस्तादाकडे बघितलं, आणि तोंड मिटलं.

त्या धंद्यात तिथे कुणी थांबत नाही. तिथवर खांदे भरून आलेले असतात, ओझं कधी एकदा उतरतंय असं झालेलं असतं, आणि वस्ताद स्वतःच शिकवायचा की तिथे एक श्वासही जास्त घ्यायचा नाही. पण कुणी कुरकुर केली नाही. पाचही जणी समोर बघत ताठ उभ्या राहिल्या. बारीक आवाजाच्या त्या पोरीचे डोळे घळाघळा वाहत होते आणि खांदा तसूभर हलत नव्हता.

वस्तादाने लाकडाला गाल टेकवला. किती वेळ, ते कुणी मोजलं नाही.

‘‘ठेवा,’’ तो म्हणाला.