अंगाच्या रंगाचा हातमोजा

ऐकताय ना? मी डाव्या हाताचा हातमोजा बोलतोय, भट्टीशेजारच्या खिळ्यावरून. माझं काम बेसबॉलच्या मैदानावरचं. मग मी इथे का लटकतोय, ते सांगितल्याशिवाय माझा जीव थंड व्हायचा नाही.

अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठच्या आमच्या गावात डेलियाचे वडील घोड्यांची खोगिरं शिवायचे. डेलियाचा नवरा कॉन टियर्नी बेसबॉलचा पगारी खेळाडू. मैदानाच्या पार टोकाला उभं राहून उंच आलेले चेंडू झेलायचे, हे त्याचं काम. चेंडू दगडासारखा आणि हात उघडे. तळवा सुजायचा, करंगळी तर केव्हाच वाकडी झालेली. डेलियाच्या मांडीवर तान्ही पोर. ती वडिलांच्या मागे लागली.

"बाबा, काहीतरी करा. त्याचा हात गेला तर आम्ही खायचं काय?"

म्हाताऱ्याने मऊ चामडं घेतलं, आत लोकर भरली आणि मला शिवलं. रंग मुद्दाम कॉनच्या कातडीसारखा ठेवला, लांबून दिसू नये म्हणून. हातमोजा घालणारा म्हणजे भित्रा, असं तेव्हा सगळे समजायचे. माझा जन्मच लपण्यासाठी झाला, मग काय!

रोज डेलिया मला त्याच्या खिशात कोंबायची आणि रोज तो मला खिशातच ठेवायचा. बाहेर चेंडू हातावर फाडकन आदळायचा आणि मी आत तंबाखूच्या चुऱ्यात पडलेला! ओरडता येत असतं तर ओरडलो असतो.

एका शनिवारी पाहुणा संघ आला होता. त्या दिवशी कॉनचा हात इतका ठणकत होता की त्याने शेवटी मला घातलं. काय सांगू! पहिलाच चेंडू मी अलगद पोटात घेतला. पण दोरीपलीकडच्या एका टारगटाने पाहिलं.

"अरे टियर्नी, बायकोचे हातमोजे घालून आलास होय?"

"थंडी वाजते का रे बाळा?" दुसरा म्हणाला.

कॉनच्याच संघाचा कप्तान हॅसब्रूक, तोही लांबून ओरडला, "उद्या छत्री पण आण!"

कॉनचे कान लाल झाले. त्याने मला ओरबाडून काढलं आणि गवतात फेकलं. पुढचा चेंडू उघड्या हाताने घेतला. कट्कन आवाज आला. झेल घेतला हो त्याने, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मधलं बोट मात्र मोडलं.

डाव बदलला. तसल्या हाताने कॉन बॅट घेऊन गेला. मी तिथेच पडून. त्याच्या जागेवर पाहुण्यांचा ऑटो क्रेमर येऊन उभा राहिला. त्याचाही तळवा सुजलेला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि गुपचूप माझ्यात हात घातला. तेवढ्यात कॉनचा फटका उंच उडाला, थेट आमच्याकडे. निसटू दे, निसटू दे, मी मनात म्हणत होतो. पण मला शिवलंय झेलायलाच ना! चेंडू येऊन बसला. शेवटचा गडी कॉन बाद, सामना गेला.

क्रेमर मला उंच धरून हसत आला. "कुणाचा रे हा? झकास आहे."

कॉनने तोंड फिरवलं आणि बॅट उचलली.

"कुणाचा नसेल तर मी नेतो."

"ने की," कॉन म्हणाला. "माझा काय संबंध?"

तशी डेलिया पोरीला कडेवर घेऊन दोरीखालून आत आली. "आमचा आहे. द्या इकडे." सगळ्यांसमोर म्हणाली. लोक शिट्ट्या मारत होते.

बोट वाकडंच जुळलं. हंगाम संपायच्या आत हॅसब्रूकने दुसरा माणूस घेतला. कॉन आता सासऱ्याच्या दुकानात खोगिरं वाहतो. क्रेमर मोठ्या शहरात खेळतो म्हणे, उघडपणे हातमोजा घालून. आता कुणी हसत नाही, सगळेच घालतात. हे ऐकलं की माझी शिवण उसवायला येते.

डेलिया माझ्या मदतीने भट्टीतला पाव काढते. काल कॉनचे जुने सोबती जेवायला आले होते. ती म्हणाली, "कॉन, पाव काढ ना. हातमोजा आहे तिथेच."

त्याने सोबत्यांकडे पाहिलं. उघड्या हातानेच पावाचा तापलेला पत्रा उचलला, टेबलावर ठेवला, हसला आणि हात हळूच पाठीमागे नेला.

डेलिया, बाई गं, आता माझ्यावर भरवसा ठेवू नकोस. भट्टीशेजारी गार पाण्याची बादली तेवढी भरून ठेवत जा.