पन्नास मीटरवरची हवा

"आमच्या टायमाला हे बाटलीतलं दूध नव्हतं, बाबा," पुंजाराम हेलियमच्या सिलेंडरकडे बघत म्हणाला, आणि कॉम्प्रेसरजवळचा धोंडिबा फिदीफिदी हसला.

सोमनाथला हसू आलं नाही. त्या सिलेंडरला जोडलेली नळी त्याने काढून ठेवली. "मग मी बी साध्या हवेवरच जातो, उस्ताद. धोंडिबा, हवाच भर टाक्यांत."

चिकलठाण्यातल्या त्या शेडमध्ये बुडी मारणाऱ्या माणसांच्या श्वासाच्या टाक्या भरत. धरणाच्या दरवाजाचे बोल्ट तपासायला उद्या पन्नास मीटर खाली उतरायचं होतं. बारा वर्षांपूर्वी पुंजारामने हेच काम साध्या हवेवर केलं होतं, आणि शेडमध्ये अजून त्याचीच गोष्ट सांगत. आता त्याच्या कानांना दाब सोसत नव्हता. काम मिळालं होतं सोमनाथला. पिशोरच्या विहिरीत गटांगळ्या खाणाऱ्या या माणसाला बुडी शिकवली ती पुंजारामनेच. पण सोमनाथ बाहेर जाऊन हवेत हेलियम मिसळायचं शिकून आला आणि तेव्हापासून साहेब आधी त्याला विचारू लागले. पुंजारामचं पोट तेव्हापासून जे दुखायला लागलं, त्याला औषध सापडलं नव्हतं.

आज जरा उतार पडला. टोमणा बरोबर वर्मी बसला होता. उद्या हाही खाली जाऊन बरळेल. मग दोघं सारखे.

आणि वर आलाच नाही तर?

टाक्या भरल्या. ज्याने उतरायचं त्यानेच वायू मोजायचा आणि टाकीवरच्या पट्टीवर सही करायची, असा तिथला रिवाज. सोमनाथने पेन उघडलं.

"थांब," पुंजाराम म्हणाला. "धोंडिबा, तू च्या सांगून ये जा."

धोंडिबा गेला.

"त्या दिशी खाली मला चढली व्हती," पुंजाराम म्हणाला. "ताडी पिल्यावानी. लई खूश व्हतो, कशापायी ते ठाव नाय. बोल्ट मोजायचं सोडून संगं नेलेल्या पाटीवर नुसत्या रेघा मारत बसलो. वर येताना पुसल्या, अन् सायबाला सांगितलं, समदे बोल्ट जागेवर हायेत."

"अन् नव्हते?"

"बघितलेच नाय, तर काय सांगू? तुला ठाव हाय, खोलात हवेतला नायट्रोजन चढतो रं. हेलियम नाय चढत. तू ठरवलं व्हतंस तेच घे, पंचेचाळीस टक्के हेलियम, ऑक्सिजन वीस."

सोमनाथने पेनाचं टोपण लावलं. "बारा वर्षं तुमच्यावानी व्हायचं म्हणत आलो मी."

पुंजाराम उठला आणि त्याने टाक्यांच्या चाव्या सोडल्या. हवा सूं सूं करत निघून गेली. मग टाक्या पुन्हा भरताना तो काट्यावरचे आकडे वाचत राहिला आणि सोमनाथ लिहीत राहिला.

मोजणी जुळल्यावर सोमनाथने तोंडात नळी धरून दोन श्वास घेतले. हेलियमने माणसाचा आवाज पोरासारखा बारीक होतो. एरवी शेडमध्ये त्यावर हशा पिकतो.

"बरोबर हाय, उस्ताद," तो त्या बारीक आवाजात म्हणाला.

दोघांपैकी कुणी हसलं नाही.