न विचारलेले कारखाने

ती शिकवायची त्या कॉलेजात पोरं तिला पाठीमागे ‘टक्केबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. गुणवत्तेचं प्रमाणपत्र घेतलेल्या कारखान्यांचा धंदा वाढतो, हे तिनं आपल्या अभ्यासात टक्क्यांनिशी सिद्ध केलं होतं. त्याच जोरावर तिच्या धाकट्या भावानं आपल्या बिजागऱ्यांच्या कारखान्यासाठी ते प्रमाणपत्र घेतलं. ताईनं सांगितलं म्हणजे झालं, असा त्याचा खाक्या.

आता त्याच कारखान्यात ती बसली होती. भिंतीवर प्रमाणपत्र थाटात लटकत होतं, यंत्रं मात्र गप्प. प्रमाणपत्रासाठी माणसं नोंदी करण्यात गुंतली, माल उशिरा निघू लागला आणि मोठं गिऱ्हाईक तुटलं. शेवटी प्रमाणपत्र सोडायचं ठरवून भावानं तिला बोलावलं होतं.

“ताई, तुझ्या अभ्यासाला मीच बट्टा लावला बघ,” तो खाली मान घालून म्हणाला. “सगळ्यांना जमलं, मलाच नाही. माझंच काहीतरी चुकलं.”

मान हलवून गप्प बसणं सोपं होतं. लवकरच याच अभ्यासावर तिचं पुस्तकही येणार होतं. पण समोर सख्खा भाऊ स्वतःला दोष देत होता.

“तुझं नाही चुकलं,” ती म्हणाली. “मी फक्त प्रमाणपत्र टिकवलेल्यांनाच विचारलं. ज्यांनी सोडलं, जे बुडाले, त्यांना आधीच वगळलं होतं. आणि उत्तरं दिली कोणी? ज्यांची नोकरीच त्या प्रमाणपत्रावर चालते, त्या कारखान्यांतल्या साहेबांनी. ते कशाला वाईट सांगतील?”

“म्हणजे माझ्यासारखे आणखी असतील?”

“असतील.”

“किती?”

टक्केबाईकडे आकडा नव्हता.

तिला वाटलं, भाऊ चिडेल. निदान हसेल तरी. पण तो खिडकीजवळच्या यंत्राकडे बघत राहिला. वडिलांच्या वेळचे कारागीर काका तिथं उभे राहायचे.

“काकांना मी घरी बसवलं,” तो हळूच म्हणाला. “सगळ्यांना जमतं, तुमच्या आडमुठेपणामुळेच आपलं अडतंय, असं चारचौघांत सुनावलं. रडले गं ते.”

त्यानं गाडीची किल्ली उचलली. “चल. त्यांना तू सांग.”

व्यासपीठावर तास तास बोलणाऱ्या बाईला दारातली स्वतःची चप्पल सापडेना.