सदऱ्यामागची दिल्ली

देऊळघाटला परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "कशी हाय व दिल्ली?" मी सांगते, दिल्ली पांढरी आहे, तिच्यावर बारीक निळ्या रेघा आहेत आणि डाव्या खांद्याजवळ तिची शिवण उसवली आहे. लोकांना वाटतं, बाईला ऊन लागलं. पण मी खोटं बोलत नाही. मी दिल्ली पाहिली ती एका सदऱ्याच्या मागून.

त्या सदऱ्यातल्या माणसाचं नाव शेषराव. बत्तीस वर्षांत मी हे नाव तोंडानं घेतलं नव्हतं. आता राग एवढा आलाय, की घेतलं. माझा नवरा. आमच्याकडे नवरा-बायको रस्त्यानं बरोबरीनं चालत नाहीत. नवरा पुढे, बायको दहा पावलं मागे. वावरात जाताना, बुलढाण्याच्या बाजारात, लग्नाला, मयतीला, सगळीकडे हाच क्रम. कुणी घालून दिला माहीत नाही, पण मोडला तर पारावरची माणसं दात काढतात. आणि पुढचा माणूस मागे वळून पाहत नाही. मागे बायको आहेच, हे तो धरूनच चालतो.

खरं सांगायचं तर बरीच वर्षं मला त्यात काही वाटलंही नाही. वावराची वाट एकच, चुकायचं कुठे? मागे चालताना आपलं आपलं गुणगुणता येतं, बांधावरची चिवळीची भाजी तोडून ओच्यात घालता येते. सात वर्षांपूर्वी मी बांधावरून पडले आणि डावा गुडघा गेला. तेव्हापासून दहा पावलांची पंधरा झाली, पंधराची पंचवीस. पुढून आवाज येतो, "मुंगीवानी काऊन चालून राह्यली व?" मी दात खाते आणि चालते.

दिल्लीचं ठरवलं आमच्या लेकीनं, समीक्षानं. ती चिखलीला शाळेत मास्तरीण आहे. तिथल्याच एका यात्रावाल्याकडे तिनं आमची दोघांची नावं टाकली. मथुरा, दिल्ली, मग हरिद्वार. दिल्लीत एक दिवस मोकळा, ज्यानं त्यानं आपापलं फिरायचं आणि संध्याकाळी सहाला हॉटेलापाशी बसमध्ये हजर राहायचं. समीक्षानं वहीचा कागद घेतला आणि दोघांना विचारलं, काय काय पाहायचं? यांनी पाच जागा सांगितल्या. मी एक सांगितली. अग्रसेनची बावडी.

ती मी समीक्षाच्या मोबाइलवर पाहिली होती. उंच उंच इमारतींच्या मधोमध जमिनीत उतरत गेलेली दगडी विहीर, आणि तिला नुसत्या पायऱ्याच पायऱ्या. माझं माहेर जळगाव जामोदकडचं. बाप विहिरी बांधायचा. सातपुड्याच्या पायथ्याला त्याच्या हातच्या अकरा विहिरी आहेत, त्यातल्या नऊ अजून पाण्याला आहेत. लहानपणी मी त्याची भाकर घेऊन विहिरीत उतरायची आणि तो दगडावर हात फिरवून मला सांधा कसा बसला ते दाखवायचा. त्याला शेगावापलीकडचं जग दिसलं नाही. ही विहीर त्यानं पाहिली असती तर दिवसभर वर आला नसता. म्हणून मला ती पाहायची होती. सगळ्या दिल्लीत मला तेवढंच पाहायचं होतं.

सकाळी आठला निघालो. मोबाइल त्यांच्या खिशात, कागद त्यांच्या खिशात, सदरा पुढे आणि मी मागे. आधी इंडिया गेट. तिथे त्यांनी एका पोराला थांबवून फोटो काढून घेतला. छाती पुढे काढून उभे राहिले. मी मागून येऊन पोचेपर्यंत फोटो निघालासुद्धा. त्यात ते आख्खे आहेत आणि कडेला माझं एक कोपर आहे.

मी विचारलं, "आता बावडी?"

"पाहू नंतर."

मग तो लांबलचक सरळ रस्ता, राष्ट्रपती भवनापर्यंत चढत गेलेला. माझा गुडघा ठणकायला लागला. दुतर्फा काय झाडं होती, काय हिरवळ होती! पण थांबून पाहावं तर सदरा लांब जातो, आणि सदरा गेला की मी या शहरात कोण? मग संसद, बाहेरूनच. मग बंगला साहिब गुरुद्वारा. तिथे तरी डोकं टेकायला दोघं एका रांगेत बसलो, लंगरचं जेवलो. बाहेर येऊन चपला घातल्या की पुन्हा पाठ सुरू. मग जंतर मंतर. प्रत्येक ठिकाणी मी विचारलं आणि प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर, पाहू नंतर. पाच जागा झाल्या. पाचही त्यांच्या.

पावणेचार वाजले होते. मी म्हटलं, आता तरी.

"आता कनॉट प्लेस," हे म्हणाले. "रवीनं सांगतलं, दिल्लीले गेला अन् कनॉट प्लेस नाही पाह्यलं तं काय पाह्यलं."

रवी म्हणजे आमच्या शेजारचा. रवीची जागा कागदावरसुद्धा नव्हती. माझी होती, समीक्षाच्या गोल अक्षरात, सगळ्यात खाली. माझ्या अंगाचा नुसता भडका झाला, पण पाय मात्र त्या सदऱ्यामागे निघालेच. पायांची सवय मेली जात नाही.

कनॉट प्लेस म्हणजे एक मोठा गोल. पांढरे जाड खांब, खांबांच्या आत पडवी, पडवीत दुकानं. एक खांब पाहिला की सगळे पाहिले. बाहेर जायचे रस्ते सगळीकडून फुटतात आणि सगळे सारखेच दिसतात. हे झपाझप पुढे. मी त्या पाठीला मोठ्यानं म्हटलं, "मले बावडी पाहाची हाय."

पाठ वळली नाही. नुसता आवाज आला, "इहिर पाहाले दिल्लीले आलो का आपून? वावरात दोन इहिरी हायत."

मी थांबले. चप्पल तुटली नव्हती, चक्करही आली नव्हती. रागानं थांबले. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्या पाठीमागे चालायची थांबले, आणि पाहत राहिले की या माणसाला कधी कळतं. एक दुकान गेलं. दुसरं गेलं. चष्म्याचं, बुटांचं, आइस्क्रीमचं. मी मोजत होते. चौदा दुकानं गेली. मग गोल वळला आणि सदरा दिसेनासा झाला.

मी एका खांबाला टेकून पायरीवर बसले. भीती वाटली का? वाटली. जवळ मोबाइल नाही, हॉटेलचं नाव इंग्रजीत, हिंदी माझी मोडकीतोडकी. पण भीतीपेक्षा राग मोठा होता, त्यानं भीतीला बसूच दिलं नाही. आपण इथे हरवलो तर या माणसाचं काय हरवेल, असा विचार मनात आला. पिशवी धरणारं कुणी राहणार नाही, एवढंच.

पंधराएक मिनिटांनी हे उलट्या बाजूनं उगवले. गोल पुरा फिरून आले होते. तोंड सुकलेलं, टोपी हातात. दर बाईच्या तोंडाकडे पाहत येत होते. मला वाटलं, आता पाहतील. चार हातांवरून गेले. माझ्याकडे पाहिलं, आणि पुढच्या बाईकडे पाहिलं. मी पायरीवर बसलेली होते म्हणून असेल, उन्हाची तिरीप होती म्हणून असेल. मी हाक मारली नाही. उठले, आणि काय सांगू, सवयीनं त्यांच्याच मागे चालायला लागले. स्वतःचाच मला संताप आला.

कोपऱ्यावर लोखंडी कठड्यापाशी एक पोलीस खुर्ची टाकून बसला होता. हे त्याच्यापुढे उभे राहिले. मी मागे, दहा पावलांवर.

"साहब, हमारी बाई गुम गई."

"नाम?"

हे घुटमळले. घरात मी 'अवं' असते, बाहेर समीक्षाची माय असते. "वंदना," ते म्हणाले. "वंदना शेषराव इंगळे."

"क्या पहना है?"

"साडी."

"कौन से रंग की?"

यांनी हातातली टोपी उलटसुलट केली. पोलिसानं पुन्हा विचारलं.

"लाल," हे म्हणाले. मग म्हणाले, "नहीं, हरी. हरी होगी."

मी माझ्या अंगावरच्या जांभळ्या साडीकडे पाहिलं. पिवळ्या काठाची. खास दिल्लीसाठी काढलेली. यांच्या सदऱ्याची प्रत्येक शिवण मला पाठ आहे. कॉलर कुठे विरली, घाम कुठे साचतो, खांद्याची शिवण कधी उसवली, सगळं. आणि सकाळपासून, एकाच खोलीतून निघून, एकाच ताटलीत शिरा खाऊन, या माणसाला माझ्या साडीचा रंग माहीत नव्हता.

"फोटो है?"

यांनी घाईघाईनं मोबाइल काढला. इंडिया गेटचा फोटो दाखवला. पोलिसानं तो बोटांनी मोठा करून पाहिला. "ताऊ, ये तो कोहनी है।"

"उसी की हय," हे काकुळतीनं म्हणाले.

पोलीस चिडलाच. "कुछ तो पता होगा! घरवाली है आपकी। चलते समय देखा नहीं, साथ में है कि नहीं?"

"साथ में नहीं चलती साहब. वो पीछे रयती हमेशा."

पोलिसानं मान वर केली. यांच्या खांद्यावरून, त्या उसवलेल्या शिवणीवरून, त्याची नजर सरळ माझ्यावर आली. जांभळी साडी, बाजाराची पिशवी, कमरेवर हात. त्यानं नुसती हनुवटी उचलून दाखवली. हे वळले.

आधी तोंडावर जीवात जीव आला, आणि लगेच आवाज चढला. "कोठी होती व तू? जीव गेला असता माहा पाहू पाहू!"

"मागं होती," मी म्हटलं. "रोजच्यावानी."

त्यांना बाजूला सारून मी पोलिसाला विचारलं, "भैया, अग्रसेन की बावली किधर है?" त्यानं हात करून दाखवलं, बाराखंबा रोडनं सरळ, मग विचारत जा. मी निघाले. पिशवी कठड्यावरच ठेवली. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावी.

"अवं, साडेचार झाले! सहाले गाडी हाय!"

"तुमी जा हॉटेलात."

पावलं वाजली. थोडी घुटमळली, मग माझ्या मागे यायला लागली. मी वळून पाहिलं नाही. मुद्दाम नाही पाहिलं. दोघा-तिघांना विचारलं, एकदा रस्ता चुकले, परत फिरले. मागची पावलंही चुकली आणि परत फिरली.

गल्लीत एक लहानसं दार आणि आत ती. जमिनीच्या पोटात उतरत गेलेल्या पायऱ्या, दोन्ही अंगाला कमानी, कमानींत पारवे, आणि वर आभाळाला लागलेल्या काचेच्या इमारती. पायऱ्यांवर कॉलेजातली पोरं फोटो काढत बसली होती. तळाशी पाण्याचा टिपूस नव्हता. मी भिंतीला हात लावला. दगड गार होता. सांध्यावरून बोट फिरवलं, आणि त्या पोरांसमोर मला हुंदका आला. आबा, मी म्हटलं, पाह्य.

मग मी उतरायला लागले. डावा पाय खाली, मग उजवा त्याच्या शेजारी. भिंतीला धरून, परत डावा, परत उजवा. वीस पायऱ्या झाल्या असतील. वरून आवाज आला, पण हा आवाज मला ओळखीचा नव्हता. त्यात हुकूम नव्हता.

"अवं, तू पाय ओढून राह्यली."

मी उतरत राहिले.

"डावा. डावा पाय ओढतं तू. कवापासून?"

"सात वर्षं झाले."

कमानींत पारवे घुमत होते. मग ते म्हणाले, "मले काऊन नाही सांगतलं?"

मी त्या पायरीवर थांबले. वळले मात्र नाही.

"सांगतलं होतं," मी म्हटलं. "तुमच्या पाठीले."